दहा घरांचें एक घर

टेरेस हा शब्द मराठींत आला तो थोडा वाट चुकूनच आला. आपल्याकडे टेरेस म्हटली कीं डोळ्यांपुढें गच्ची उभी रहाते; दिवसा तिच्यावर पापड वाळत असतात आणि उन्हाळ्यांतल्या रात्रीं अंथरुणें पडतात. इंग्लंड-स्कॉटलंडांत या शब्दाचा एक रूढ अर्थ अगदीं निराळा आहे. रस्त्याच्या कडेनें एकाच आंखणीचीं, एकाच उंचीचीं, खांद्याला खांदा लावून बांधलेलीं घरें, दोन घरांमध्यें एकच सामाईक भिंत, आणि सर्वांची मिळून एकच दर्शनी बाजू, अशा ओळीला तिकडे टेरेस म्हणतात. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत, म्हणजे १८३७ पासून १९०१ पर्यंत, अशा ओळी त्या देशांत इतक्या उठल्या कीं, आजहि तेथील लक्षावधि कुटुंबांचा संसार त्यांच्यांतच चालतो.

त्यांतल्या पुष्कळशा ओळी कंटाळवाण्या आहेत, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. ठेकेदारानें एक नकाशा घ्यावा आणि जागा संपेपर्यंत तोच गिरवीत जावें, असा तो प्रकार. शिक्षा म्हणून मुलानें एकच ओळ शंभर वेळां लिहावी, आणि पुढें पुढें त्याचें अक्षर बिघडत जावें, त्याची आठवण ही घरें पाहून होते. परंतु तीच पुनरुक्ति जाणत्या माणसाच्या हातीं पडली म्हणजे तिच्यांतून काय निर्माण होऊं शकतें, हें पहावयाचें असेल, तर ग्लासगो शहराच्या दक्षिणेस स्ट्रॅथबंगो नांवाची वस्ती आहे तेथें जावें. त्या वस्तींतल्या एका रस्त्याचें नांव इंग्रजी अक्षरांत वाचून आपला माणूस तें खुशाल ‘मोरे प्लेस’ असें म्हणेल. स्कॉटिश लोक त्याचा उच्चार ‘मरे’ असा करतात. या रस्त्यावरील पहिल्या दहा क्रमांकांचीं घरें १८५९ ते १८६१ या काळांत उभीं राहिलीं. एडिंबरोंतहि याच नांवाची एक वस्ती आहे. ती याहून जुनी व मोठ्या सरदारी थाटाची. तिचा आणि या दहा घरांचा कांहीं संबंध नाहीं.

या घरांचा कर्ता अलेक्झांडर थॉमसन. ग्रीक वास्तुकलेचा त्याला ध्यास म्हणून लोक त्याला ‘ग्रीक थॉमसन’ म्हणूं लागले व तेंच नांव कायम झालें. गंमत अशी कीं, या ग्रीक थॉमसननें ग्रीस देश कधीं पाहिला नाहीं. ग्रीसच काय, ब्रिटनचा किनारा सोडून तो आयुष्यांत कोठेंहि गेला नाहीं. अथेन्सचीं देवळें आणि ईजिप्तचे खांब त्यानें पाहिले ते पुस्तकांतल्या चित्रांत. त्याचा जन्म १८१७ सालीं बॅल्फ्रन नांवाच्या खेड्यांत झाला. बाप एका सूतगिरणींत हिशेबनीस होता, आणि घरांत मुलें वीस. त्यांत हा सतरावा. वयाच्या सातव्या वर्षीं बाप गेला व पुढें थोड्याच वर्षांत आईहि गेली. लहान वयांतच एका वकिलाच्या कचेरींत त्याला चाकरी धरावी लागली. तेथें त्यानें काढलेलीं चित्रें रॉबर्ट फूट नांवाच्या एका वास्तुकाराच्या दृष्टीस पडलीं, त्यानें मुलाला आपल्याकडे उमेदवार म्हणून घेतलें, आणि तेथून त्याचें आयुष्य मार्गाला लागलें.

पुढें लग्न झालें, स्वतःचा धंदा सुरू झाला, आणि थॉमसननें गोर्बल्स भागांत बिऱ्हाड केलें. ग्लासगो त्या वेळीं गिरण्यांनीं, गोद्यांनीं आणि कारखान्यांनीं भराभर फुगत होतें. हायलंडांतून व आयर्लंडांतून माणसें येत, आणि जेथें जागा सांपडेल तेथें कोंबलीं जात. १८४८-४९ मध्यें पटकी आली, १८५३-५४ मध्यें पुन्हां आली; तापाच्या सांथी तर घरच्याच होऊन बसल्या होत्या. १८५४ ते १८५७ या चार वर्षांच्या आंत थॉमसनच्या घरांतलीं चार मुलें दगावलीं. त्यानंतर त्यानें बिऱ्हाड हलविलें तें शहराच्या दक्षिणेस, मोकळ्या हवेंत. आणि दोन वर्षांनीं त्याच बाजूस त्यानें या दहा घरांचें काम हातीं घेतलें. १८५९ हें सालहि ग्लासगोच्या इतिहासांत ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कारण त्याच वर्षीं लॉक कॅट्रिन या दूरच्या सरोवराचें स्वच्छ पाणी शहरांत आणण्याच्या योजनेचें उद्घाटन स्वतः व्हिक्टोरिया राणीनें केलें. शहर आपल्या पाण्याकडे पाहूं लागलें होतें, आणि ज्यांना ऐपत होती ते हवेकडे पाहूं लागले होते. आगगाडी १८४८ पासून स्ट्रॅथबंगोवरून जातच होती.

आतां प्रत्यक्ष घरांकडे वळूं. ओळीच्या घरांत वास्तुकारापुढें एक जुनी अडचण असते. घरें लहान असतात, पण ओळ लांब असते. प्रत्येक घराला निराळा तोंडवळा द्यावा तर ओळ म्हणजे बाजार होतो. एकच तोंडवळा गिरवावा तर वर सांगितलेली शिक्षेची पाटी होते. अठराव्या शतकांतल्या इंग्रजांनीं यावर एक तोड काढली होती. सगळ्या ओळीचें मिळून एका राजवाड्यासारखें दर्शन करावयाचें: मध्यें मोठा भाग, दोन टोकांना दोन, आणि बाकीचीं घरें त्यांच्यामध्यें सेवकांसारखीं उभीं. बाथ शहरांतली रॉयल क्रेसेंट ही १७६७ ते १७७४ या काळांत बांधलेली तीस घरांची चंद्रकोर ओळ याच जातीची. तिच्या दर्शनी अंगाला एकशें चौदा खांब आहेत. परंतु हा सारा डौल समोरून! वास्तुकारानें दर्शनी भिंत तेवढी आंखून दिली, आणि जो तो तिचा तुकडा विकत घेऊन मागें आपल्या मनासारखें घर बांधता झाला. त्यामुळें समोरून सारें राजवाड्यासारखें दिसतें आणि मागल्या बाजूला गेलें म्हणजे ज्याचा त्याचा संसार उघडा पडतो.

थॉमसननें ही राजवाड्याची कल्पना घेतली आणि तिच्यांतला दिमाख काढून टाकला. मरे प्लेसचीं घरें अवघीं दोन मजली आहेत. दोन टोकांचीं घरें थोडीं पुढें आलेलीं. त्यांचे चौकोनी खांब जमिनीपासून दोन्ही मजले चढून जातात, आणि त्यांच्या माथ्यावर ग्रीक देवळाच्या कपाळावर असतो तसा पसरट त्रिकोण. मधल्या आठ घरांना असा एकहि त्रिकोण नाहीं. मध्यें मोठा भाग काढण्याचा मोहहि त्यानें टाळला. त्या आठ घरांच्या वरच्या मजल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आंखूड, चौकोनी, एकसारख्या दगडी खांबांची रांग जाते. मध्यें कोठें खंड नाहीं. खांबांच्या मागें सरकवून काच बसविली आहे. डावीकडून उजवीकडे नजर फिरवीत गेलें तर एक घर कोठें संपलें आणि दुसरें कोठें सुरू झालें, हें खांब कांहीं सांगत नाहींत. घराची सामाईक भिंत मागें कोठें तरी येऊन भिडते. तेथें दोन खांबांमध्यें काचेऐवजीं दगड येतो. पण रांगेचा ठेका चुकत नाहीं. मृदंगाच्या बोलांत एखादी मात्रा मुकी गेली तरी ताल मोडूं नये, तसें तें आहे.

घरें मोजावयाचीं असतील तर तळमजल्याकडे पहावें. तेथें दारें आहेत, आणि प्रत्येक दार एका कुटुंबाचें. तेथली भिंत साधी, घोटीव दगडाची. त्यावर ग्रीक वळणाची नक्षी आहे, पण ती दगड उचलून काढलेली नसून रेघेनें कोरलेली. दुरून ती दिसत नाहीं. दाराशीं आलेल्यालाच दिसते. नक्षीचा हा विनय विशेष वाटण्याचें कारण त्या काळाची आवड. १८६० च्या सुमारास ग्लासगोंतल्या व्यापाऱ्याला आपल्या पैशाचें प्रदर्शन करण्याची हौस कांहीं कमी नव्हती. खिडकीवर फुलांचे तुरे, कोपऱ्यावर बुरूज, दारावर सिंहाचें तोंड, असें काय काय त्याला हवें असे. या दहा घरांत तसें कांहीं नाहीं, आणि तरीहि ओळीसमोरून जाणारा माणूस क्षणभर थांबतो.

खांबांच्या या रांगेमागें थोडें व्यवहाराचें गणितहि आहे. इंग्लंडांत काचेवर जकात होती; ती १८४५ सालीं उठली. खिडक्यांवर निराळा कर होता. तो १८५१ सालीं गेला. या करापायीं लोकांनीं चांगल्या खिडक्या चिणून टाकल्या होत्या, हें पुष्कळांच्या ऐकण्यांत असेल. उजेडावर कर घेणाऱ्या सरकारचें नवल वाटतें खरें. पण कर बसविण्याच्या कामीं सर्वच सरकारांची बुद्धि फार चालते. तें असो. कर गेले, काच स्वस्त झाली, आणि ज्या देशांत हिवाळ्यांत दुपारीं साडेतीन-चारलाच काळोख पडूं लागतो तेथें वास्तुकाराला भिंतीच्या जागीं उजेड मांडण्याची मुभा मिळाली. एक पिढी अगोदर ही घरें बांधलीं असतीं तर वरच्या मजल्याची ही रांग इतकी मोकळी करणें परवडलेंच नसतें.

ओळीच्या घरांची सारी मदार सामाईक भिंतीवर असते. मजल्याच्या तुळया याच भिंतींत शिरतात. चुली आणि शेकोट्या हिलाच लागून, आणि त्यांचीं धुराडीं हिच्याच पोटांतून वर जातात. म्हणून हिवाळ्यांत शेजाऱ्याची शेगडी पेटली तर आपलीहि भिंत उबदार होते. आग पसरूं नये म्हणून ती दगडाचीच करावी लागते. उजेड मात्र फक्त पुढून आणि मागून. दोन्ही कुशी शेजाऱ्यांनीं व्यापलेल्या. म्हणून ग्लासगोच्या अशा घरांतून जिना बहुधा मधोमध असतो, आणि त्याच्यावर छपरांत काचेचा झरोका ठेवून आकाशांतून उजेड घेतात. छपरावरची धुराड्यांचीं तोंडेंसुद्धां थॉमसन आपल्या इमारतींकरितां स्वतः आंखी, आणि तीं ईजिप्तच्या वळणाचीं असत. घराचा इतका उंचावरचा आणि इतका काजळणारा भाग कोण पहातो, असें त्याला वाटलें नाहीं.

थॉमसनचा एक हट्ट होता, आणि तो समजल्याशिवाय हीं घरें नीट कळत नाहींत. त्याला कमानीचा तिटकारा होता. त्याच्या काळीं टोकदार गॉथिक कमानींची लाट आली होती. देवळें, शाळा, स्टेशनें, सर्वत्र कमानी. १८६६ सालीं ग्लासगो विद्यापीठाची नवी इमारत लंडनच्या गिल्बर्ट स्कॉटकडून गॉथिक पद्धतीची करून घेण्याचें ठरलें, तेव्हां थॉमसननें भर सभेंत व्याख्यान देऊन त्या पद्धतीवर कडक टीका केली. त्याचें म्हणणें असें कीं, दोन उभे दगड आणि त्यांवर एक आडवा दगड ही रचना स्वस्थ असते, ती जागच्या जागीं भार घेते. कमान मात्र आपल्या दोन्ही पायांना सदोदित बाहेर ढकलीत असते. या हट्टाच्या भरांत तो येथपर्यंत गेला कीं, स्टोनहेंज येथील प्रागैतिहासिक उभ्या शिळांची रचना यॉर्कच्या प्रचंड देवळापेक्षां अधिक शास्त्रशुद्ध आहे असें त्यानें म्हटलें. हें विधान कोणी अक्षरशः खरें मानूं नये. यॉर्कचें देऊळ शेंकडों वर्षें उभें आहे आणि त्याला थॉमसनच्या परवानगीची गरज पडलेली नाहीं. पण ज्यानें सिन्नरच्या गोंदेश्वरासारखें देऊळ पाहिलें आहे, त्याला खांबावर आडवी शिळा ठेवून मिळणारी शांति काय असते तें सांगावें लागत नाहीं. मरे प्लेसच्या वरच्या मजल्यावर तीच शांति आहे. तेथें एकहि रेघ वांकलेली नाहीं.

घरें पुरीं झाल्यावर १८६१ सालीं क्रमांक एकच्या घरांत, म्हणजे पुढें आलेल्या टोकाच्या घरांत, थॉमसन स्वतः कुटुंबासह रहावयास गेला. दुसऱ्यासाठीं घरें बांधावीं आणि आपण अन्यत्र रहावें ही वास्तुकारांची नेहमींची रीत. तिला हा अपवाद. पुढचीं चौदा वर्षें त्याचा मुक्काम तेथेंच होता. तेथें रहात असतां त्यानें ग्लासगोच्या पश्चिमेकडे ग्रेट वेस्टर्न टेरेस ही याहून भव्य ओळ आंखली. ती अकरा घरांची. आणि तिच्यांत त्यानें उंच घरें टोकांना न ठेवतां आंतल्या बाजूला घेतलीं व ओळ त्यांच्याहि पलीकडे वाढूं दिली. त्या भव्यतेची तारीफ पुष्कळ होते व ती योग्यच आहे. तरी पण या दोन ओळींत निवड करावयाची झाली तर लहान ओळच उजवी ठरेल. मोठ्या घरांत मोठेपणा आणणें तितकें अवघड नसतें. हेन्री-रसेल हिचकॉक या अमेरिकन इतिहासकारानेंहि १९५८ सालच्या आपल्या ग्रंथांत ग्रीक पद्धतीच्या ओळींमध्यें मरे प्लेसलाच सर्वांत वरचें स्थान दिलें आहे.

गोर्बल्समधल्या बिऱ्हाडाची आठवण मात्र त्याला सुटली नसावी असें दिसतें. १८६८ च्या सुमारास शहराच्या सुधारणा-मंडळाकरितां त्यानें गरिबांच्या चाळींची एक योजना केली, आणि तींत चाळींच्या मधल्या गल्ल्यांवर काचेचें छप्पर घालण्याची कल्पना होती. हेतु हा कीं, पाऊस आणि थंडी चुकवून मुलांना खेळावयास जागा मिळावी. ती योजना कागदावरच राहिली. मध्यमवर्गाला मरे प्लेस मिळाली. गोर्बल्सच्या मुलांना काचेचें छप्पर कांहीं मिळालें नाहीं. थॉमसनच्या कार्याचा हिशेब मांडतांना ही बाजू वगळतां येत नाहीं. २२ मार्च १८७५ रोजीं तो आपल्या त्याच घरांत वारला, वय सत्तावन्न. छातीच्या विकारानें तो बरेच दिवस आजारी होता. त्याच्या स्मरणार्थ तरुण वास्तुकारांना प्रवासासाठीं एक शिष्यवृत्ति ठेवण्यांत आली, आणि १८९० सालीं ती चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या पुढें जगप्रसिद्ध झालेल्या तरुणाला मिळाली. तिच्या बळावर तो इटलीला जाऊन आला. ज्यानें स्वतः समुद्र ओलांडला नाहीं त्याच्या नांवानें दुसऱ्यानें इटली पाहिली.

आतां या दहा घरांचें पुढें काय झालें, हा खरा प्रश्न. एखादें देऊळ किंवा राजवाडा टिकवावयाचा तर त्याचा मालक एक असतो; त्याला समजावितां येतें, अगर सरकारला तो ताब्यांत घेतां येतो. ओळीच्या घरांचे मालक जितकीं दारें तितके. त्यांच्यापैकीं एकानें आपली दर्शनी भिंत रंगविली, दुसऱ्यानें लांकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या चौकटी बसविल्या, तिसऱ्यानें छपरांतून एक खोली वर काढली, तर त्यांतल्या कोणीहि मोठासा अपराध केला असें म्हणतां येणार नाहीं. ज्यानें त्यानें आपल्याच घराची सोय पाहिली. परंतु दहा घरें मिळून जें एक घर होतें तें त्या दिवशीं नाहींसें होतें. आणि त्या अकराव्या घराचा मालक म्हणून तक्रार करावयास कोणी उरत नाहीं. ब्रिटनमधल्या किती तरी ओळींचा नाश असा झाला आहे. बाँबनें झालेला नाश सर्वांना दिसतो. थॉमसनचें क्वीन्स पार्क येथील प्रार्थनामंदिर १९४३ सालीं जर्मन बाँबनें नष्ट झालें, तें लोकांच्या स्मरणांत आहे. खिडकीची चौकट बदलल्याची तारीख कोणी टिपून ठेवीत नाहीं.

जुन्या काळीं स्कॉटलंडांत यावर एक इलाज होता. तेथें जमिनीचा मूळ धनी जमीन कायमची लावून देई, दरसाल ठराविक रक्कम घेई, आणि करारांत अटी घाली: इतकी उंची, अमुक दगड, दर्शनी बाजूस फेरफार करावयाचा नाहीं, वगैरे. मूळ धन्याचा हेतु बहुधा आपल्या उत्पन्नाचा दर्जा राखण्याचा असे. सौंदर्य हें त्याचें उपफळ. ही सरंजामी पद्धति कायद्यानें २८ नोव्हेंबर २००४ रोजीं संपली, आणि ती संपली याबद्दल दुःख करण्याचें कारण नाहीं. आज हें काम सरकारी नोंदवहीनें होतें. मरे प्लेसचीं हीं दहा घरें स्कॉटलंडच्या रक्षणीय इमारतींच्या पहिल्या, म्हणजे ‘अ’ वर्गांत आहेत; परवानगीशिवाय त्यांच्या रूपांत बदल करतां येत नाहीं.

थॉमसनच्या सर्वच इमारतींना हें भाग्य लाभलें नाहीं. त्याचें कॅलेडोनिया रोडवरील प्रार्थनामंदिर १९६५ सालीं आगींत सांपडलें आणि त्याचें नुसतें कवच मागें राहिलें. एग्लिंटन स्ट्रीटवरील क्वीन्स पार्क टेरेस ही भाडेकऱ्यांच्या बिऱ्हाडांची लांबलचक ओळ १९८० च्या सुमारास पाडली गेली. ती ओळ मरे प्लेसच्याच कर्त्याची होती आणि जवळजवळ त्याच वर्षांत बांधलेली होती. दोहोंत फरक पडला तो रहाणाऱ्यांचा. मरे प्लेसमध्यें घरधनी स्वतः रहात आले. छपराची पाटी निसटली तर ती त्यांच्याच डोक्यावर गळे, म्हणून ती बसविली जाई. आणि शेजाऱ्यानें कांहीं विद्रूप केलें तर रोज येतां-जातां त्याला तोंड दाखवावयाचें असे.

१९९० नंतर क्रमांक एकच्या त्याच घरांत गॅव्हिन स्टँप हा इंग्रज इतिहासकार येऊन राहिला. ग्लासगोच्या वास्तुविद्यालयांत तो शिकवीत असे. १९९१ सालीं त्यानें थॉमसनच्या नांवानें एक मंडळ काढलें, त्याच्यावर लिहिलें, आणि त्याच्या इमारतींसाठीं नगरपालिकेशीं भांडण मांडलें. तो २०१७ सालीं वारला.

रस्त्याच्या पलीकडे आगगाडीचे रूळ आजहि आहेत. स्टेशन १८७७ सालीं झालें तें १९६२ सालीं बंद पडलें. गाड्या न थांबतां जातात. क्रमांक एकच्या खिडकींत बसलेल्या माणसाला त्या दिसतात. आपली ओळ मात्र त्याला तेथून दिसत नाहीं. ती पहावयाची झाली तर थॉमसनलाहि टोपी घालून, दार उघडून, रस्ता ओलांडून रुळांच्या कांठाशीं जावें लागत असलें पाहिजे.